दिव्यांच्या अवसेचं पान

छत्री मिटा आणि कठडा धरून वर या, चाळीच्या पायऱ्या ओल्या आहेत. हे १९४८चं गिरगाव. नाकात शिरतोय तो रॉकेलचा आणि न वाळलेल्या कपड्यांचा वास. आज दिव्यांची अवस, म्हणून गॅलरीभर बायका चिंच आणि राख घेऊन समया घासतायत. नळाखाली हंड्यांचा खणखणाट चाललाय. शेजारच्या बिऱ्हाडातून गटारीच्या मटणाच्या वाटणाचा घमघमाट येतोय.

तुम्ही मात्र शेवटच्या खोलीत चला. इथे सण आणि श्राद्ध एकाच तिथीला आलंय.

गेल्या वर्षी याच अवसेला थोरला मुलगा सणासाठी गावी निघाला. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी ‘रामदास’ बोट रेवसला सुटली. काश्याच्या खडकाजवळ बोटीवर लाटा आदळल्या, घाबरलेली माणसं एका बाजूला धावली आणि बोट कलंडली. सहाशेहून जास्त माणसं गेली. कितीतरी घरांना कलेवरही मिळालं नाही. या घरालाही नाही.

सुनेने कुंकू पुसू दिलं नाही. जिन्यावर पाऊल वाजलं की ती दाराशी यायची. शेवटी भटजींना बोलावून कलेवराऐवजी पळसाच्या ३६० देठांचा पुतळा बांधला, डोक्याच्या जागी नारळ. सासरे सुतळीने देठ आवळत होते. सासू इतका वेळ भिंतीला टेकून गप्प होती, ती एकदम म्हणाली, “आखूड झाला. उंच होता तो.” सासऱ्यांनी सगळ्या गाठी सोडल्या आणि पुतळा पुन्हा बांधायला घेतला. ज्यांना शेवटची आंघोळही घालता आली नाही, त्यांच्या हातांना एवढं काम देणारा हा विधी ज्याने सांगितला, त्याला माणसाचं दुःख नक्की कळलं होतं.

आता आत वाकून पाहा. चुलीच्या धुराने डोळे चुरचुरतील. सासू कणकेचे गोड दिवे उकडतेय, कारण थोरल्याला ते तुपात बुडवून आवडायचे. मासळी या घरात कितीतरी महिने शिजली नाही. परत सुरू झाली तेव्हापासून ही बाई कोळणीशी भाव करत नाही. त्या दिवशी रेवसकडच्या कोळ्यांनी पापलेटांनी भरलेली होडकी समुद्रात रिकामी केली आणि पाऊणशे माणसं ओढून घेतली, हे तिने ऐकलंय. “त्यांच्याशी कसली घासाघीस?” म्हणते.

गॅलरीच्या पत्र्यावर पान ठेवलंय. कावळे भोवती ओरडतायत, पण शिवत नाहीत. पावसाचा शिडकावा भातावर पडतोय. सासरे हात जोडून म्हणतात, “धाकट्याला पावसाळ्यात बोटीने धाडणार नाही.” कावळा हलत नाही. मग सूनच पुढे होते. “मुलीला शिकवीन,” ती म्हणते, “पार मॅट्रिकपर्यंत.”

“शिवला! शिवला!” पोरं गॅलरीभर ओरडत सुटतात.

तुम्ही उभे का? हात धुवा, पाटावर बसा. तुम्हालाही वाढलंय. दिवा गरम आहे तोवर तूप घ्या, आणि पुरे म्हणू नका. त्याच्या नावाने जेवायला बसलेल्याला ही सासू एका दिव्यावर उठू देत नाही.