अन्ननलिकेला छिद्र : कारणे, निदान आणि उपचार

थेरगाव : छातीत अचानक जोराची कळ आली की आपल्याकडे दोनच अंदाज बांधले जातात. एकतर गॅस झाला, नाहीतर हार्ट अटॅक. तिसरे कारण फार कमी लोकांना माहीत असते : अन्ननलिका फाटणे. आजार विरळ आहे, पण त्यात वेळ गेला तर जीव जाऊ शकतो. म्हणून ही माहिती घरातल्या सगळ्यांनी वाचावी, असे आम्हाला वाटते.

नेमके काय होते?

घशापासून पोटापर्यंत जाणारी अन्ननलिका साधारण २५ सेंटीमीटर लांब असते. आतड्यांवर असते तसे बाहेरचे मजबूत आवरण तिला नसते. तिला छिद्र पडले की अन्न, लाळ आणि पोटातले आम्ल थेट छातीच्या पोकळीत, हृदय आणि फुप्फुसांच्या शेजारी उतरते. तिथे काही तासांतच जंतुसंसर्ग पसरतो.

कारणे

• दुर्बिणीची तपासणी : निम्म्याहून जास्त प्रकरणांत छिद्र एंडोस्कोपी किंवा अरुंद नळी फुगवून रुंद करताना पडते. साध्या तपासणीत हा धोका अगदी कमी असतो. भीतीने तपासणी टाळू नये.

• जोराची उलटी : भरपेट जेवणानंतर जोरात उलटी झाली की दाबाने नळी फाटते. डच डॉक्टर हेर्मान बूरहाव यांनी १७२४ मध्ये अशा रुग्णाची नोंद केली, त्यांचेच नाव या आजाराला आहे.

• अडकलेली वस्तू : मटणाचे हाड, माशाचा काटा, कवळी. ईदच्या दिवसांत किंवा इफ्तारला घाईघाईत जेवताना हे जास्त सांभाळावे.

• बटन सेल : रिमोट किंवा खेळण्यातला चपटा सेल लहान मुलाच्या नळीत अडकला तर २ तासांतच आतून भाजायला सुरुवात होते.

• ॲसिड किंवा कॉस्टिक : संडास साफ करायचे ॲसिड, कारखान्यातले रसायन. पिंपरी-चिंचवड, चाकणच्या पट्ट्यात काही जण असे द्रव घरी आणून पाण्याच्या बाटलीत भरतात. हे कधीच करू नका.

• छातीला किंवा मानेला मार लागणे, अन्ननलिकेचा कॅन्सर.

लक्षणे

उलटीनंतर छातीत किंवा पाठीत असह्य दुखणे, गिळताना त्रास, धाप, ताप, घाम. मानेजवळची कातडी दाबली की कुरकुर जाणवते, कारण कातडीखाली हवा शिरलेली असते. दुखणे पोटाच्या वरच्या भागातही असू शकते, त्यामुळे ॲसिडिटी समजून गोळी घेतली जाते आणि वेळ जातो.

निदान

हृदयविकार नाही ना, हे पाहायला ईसीजी काढतात. छातीच्या एक्स-रेमध्ये हवा किंवा पाणी दिसू शकते, पण सुरुवातीला तो नॉर्मलही येतो. खात्रीसाठी सीटी स्कॅन करतात, किंवा पाण्यात विरघळणारे औषध गिळायला देऊन गळती कुठे आहे ते पाहतात. उलटी झाली होती, हाड अडकले होते, दोन दिवसांपूर्वी एंडोस्कोपी झाली होती, हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

उपचार

तोंडाने खाणे-पिणे पूर्ण बंद. सलाईन, अँटिबायोटिक, आम्ल कमी करणारे औषध सुरू होते. छिद्र लहान असेल, रुग्णाची प्रकृती स्थिर असेल तर काही वेळा एवढ्यावर भागते. काहींना दुर्बिणीतून क्लिप किंवा जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, बसवतात. छिद्र मोठे असेल तर ऑपरेशन करून टाके घालतात आणि छातीत साचलेला पू नळीने काढतात. भरून येईपर्यंत आतड्यात नळी टाकून आहार देतात. २४ तासांच्या आत उपचार मिळाले तर बचावाची शक्यता बरीच चांगली असते. उशिराने मृत्यूचा धोका साधारण दुपटीने वाढतो.

घरच्यांनी काय करावे?

हाड अडकले म्हणून केळे किंवा भाताचा गोळा गिळायला देऊ नका. ॲसिड पोटात गेले तर उलटी करवू नका, नळी दुसऱ्यांदा भाजते. मुलाने सेल गिळल्याची शंका असली तरी लगेच एक्स-रे काढून घ्या.

रोजा आहे म्हणून इफ्तारपर्यंत थांबू नका. आजारी माणसाला रोजा सोडून नंतर कजा करण्याची सवलत दीनने दिलेली आहे.

१०८ ला फोन करा. थेरगावात महापालिकेचे रुग्णालय आहे, पिंपरीत संत तुकारामनगरला यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे. कुठेही जा, पण पोहोचताच एक गोष्ट विचारा : सीटी स्कॅन आणि छातीचे ऑपरेशन करणारे सर्जन आत्ता आहेत का? नसतील तर पुढे कुठे न्यायचे हे तिथेच, त्याच क्षणी ठरवून घ्या.