रानकोंबड्याच्या मानेवरचे डोळे

साताऱ्याची कोयना आणि सांगलीची चांदोली इथल्या जंगलात राखी रानकोंबडा राहतो. नराच्या मानेवरच्या पिसांवर मेणाच्या थेंबासारखे पिवळसर ठिपके असतात. या ठिपक्यांनीच त्याचा घात केला.

कृष्णाकाठी गळाला गांडूळ नाहीतर कणकेची गोळी पुरते. एकोणिसाव्या शतकातले इंग्रज शौकीन मात्र समुद्रातून नदीत चढणाऱ्या सॅल्मन माशासाठी गळावर पिसं आणि रेशीम बांधून खोटं आमिष करत. त्याला म्हणतात 'फ्लाय'. त्याच्या दोन्ही बाजूंना हे ठिपक्याचं पीस डोळ्यासारखं बसवत. खाऱ्या पाण्यातल्या अनेक फ्लायनाही डोळा लावतात. डोळा पाहून मोठा मासा झडप घालतो, असं गळवाले मानतात.

म्हणजे मासा फसावा म्हणून पाखरू मरायचं! रानपाखरांची पिसं परदेशी पाठवायला सरकारने १९०२ साली बंदी घातली. पुढे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारच रोखली.

मग तिकडचा शौक बुडाला का? मुळीच नाही. तिथे हेच पक्षी पाळून पिसं मिळवू लागले, कुणी रंगाचे नाहीतर धातूचे डोळे लावू लागले. पर्याय होतेच, ते शोधायला आधी कुणीतरी 'नाही' म्हणावं लागलं, एवढंच.