मधल्या काळाचे आवाज

बदलापूरच्या आमच्या घरात एक कॅसेट आहे. लेबलावर निळ्या शाईत ‘ऑर्केस्ट्रा, अंबरनाथ, गणपती’ असे लिहिले आहे आणि वाजवली की रेडिओवरचे क्रिकेटचे समालोचन ऐकू येते. वसाहतीच्या मंडपात गिटार वाजवणाऱ्या माझ्या मित्राचे ते एकमेव ध्वनिमुद्रण. १९९२च्या विश्वचषकाच्या वेळी ते मीच पुसले. उल्हासनगरच्या बाजारात कोरी कॅसेट स्वस्तात मिळत असे, तेवढी आणण्याचाही आळस केला. मित्र आता नाही.

स्टुडिओतले अल्बम सोडून त्यांच्या मधल्या काळातल्या ध्वनिमुद्रणांकडे मी वळलो तो तेव्हापासून. समीक्षक अशा लाइव्ह अल्बमना आणि माहितीपटांना बहुधा भरतीचा माल समजतात. दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ या बँडपुरते मला हे मान्य नाही.

सुस्मित सेन (गिटार) आणि असीम चक्रवर्ती (तबला, गायन) यांनी १९९०मध्ये हा बँड उभा केला. १९९१मध्ये बेस गिटार घेऊन राहुल राम आले, १९९४मध्ये ड्रमवर अमित किलम. पहिला अल्बम १९९३चा, दुसरा स्टुडिओ अल्बम ‘कंदिसा’ २०००चा. मधल्या सात वर्षांत, १९९७मध्ये, ‘डेझर्ट रेन’ आला. दिल्लीत सफदर हाश्मींच्या स्मरणार्थ झालेल्या कार्यक्रमातले ते थेट ध्वनिमुद्रण. आता वर्षे जुळवून पाहा. पहिल्या अल्बमच्या वेळी किलम बँडमध्ये नव्हतेच. म्हणजे पुढे ज्या चौघांना लोक ‘इंडियन ओशन’ म्हणून ओळखू लागले, त्यांचा एकत्र आवाज अल्बमवर प्रथम आला तो स्टुडिओतला नव्हे, समोर माणसे बसलेली असतानाचा. ‘कंदिसा’ मी आधी ऐकला, ‘डेझर्ट रेन’ नंतर हाती लागला, त्यामुळे हे कळायला मला बरीच वर्षे लागली.

‘कंदिसा’त ‘मा रेवा’ आहे. राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात कार्यकर्ते होते, ते गाणे त्या खोऱ्यातून आलेले. मराठी वाचकाला हे परके वाटू नये. बुडालेले मणिबेली आपल्याच अक्कलकुवा तालुक्यातले.

२००३च्या ‘झीनी’नंतर पुन्हा सात वर्षे गेली. ‘ब्लॅक फ्रायडे’तल्या ‘बंदे’मुळे बँडचे नाव आमच्या कर्जत लोकलपर्यंतही पोचले, पण चित्रपटाबाहेरचा नवा अल्बम नव्हता. एप्रिल २०१०मध्ये जयदीप वर्मा यांचा ‘लीव्हिंग होम’ हा माहितीपट चित्रपटगृहांत लागला. आपल्याकडे एखाद्या बँडवरचा माहितीपट तिकीट काढून पाहायला मिळणे ही तेव्हा अपूर्वाईच होती. वर्मांचा या चौघांवर जीव आहे आणि तो लपत नाही. काही ठिकाणी त्यांनी हात आखडता घ्यायला हवा होता. पण कॅमेऱ्याने एक गोष्ट टिपली, जी अल्बममधून कधीच कळली नसती. असीम बसून तबला वाजवत आणि त्याच वेळी गात. स्टुडिओत हात आणि गळा वेगवेगळे मुद्रित करता येतात, ऐकणाऱ्याला ती दोन माणसे वाटू शकतात. पडद्यावर तो एकच माणूस दिसतो आणि गाण्यातला दम कुठून येतो ते उमगते.

चित्रपट लागला तेव्हा असीम नव्हते. २५ डिसेंबर २००९ला ते गेले. चित्रीकरण त्याआधीचे. श्रद्धांजली म्हणून ते कोणी केलेले नव्हते, म्हणूनच त्यात ते निवांत बोलतात, गातात. पुढचा अल्बम ‘१६/३३० खजूर रोड’ जुलै २०१०पासून महिन्याला एक गाणे याप्रमाणे इंटरनेटवर विनामूल्य आला. हे नाव म्हणजे करोलबागेतल्या त्या जुन्या घराचा पत्ता, जिथे हे चौघे सराव करत. असीमचा आवाज या अल्बममध्येही आहे. पण त्यांचे हात पाहायचे तर ‘लीव्हिंग होम’कडेच जावे लागते.

माझ्या कॅसेटवर समालोचन संपल्यावर अकरा सेकंद जुने उरले आहे. एक सूर, थोडी खरखर आणि कोणीतरी म्हणते, “माइक बंद कर रे.” आवाज मित्राचा नाही. कोणाचा, ते अंबरनाथला जाऊन तिघांना विचारले. चौथा हल्ली उल्हासनगरला राहतो, त्याला अजून ऐकवायचे आहे.