प्रवेशाची किंमत : एक चित्र

राष्ट्रीय कला अकादमीचा कायमचा संग्रह कसा उभा राहतो? मृत्युपत्रं, देणग्या, खरेदी ही नेहमीची उत्तरं. लंडनच्या रॉयल अकादमीकडे मायकेलअँजेलोचं संगमरवरी शिल्प आहे, ते सर जॉर्ज ब्यूमाँट यांच्या मृत्युपत्रातूनच १८३० साली आलं. पण त्या संग्रहाचा कणा निराळा आहे. १७६८ साली तिसऱ्या जॉर्जच्या संमतीनं अकादमीची घटना झाली, तिच्यातल्या एका कलमावर तो उभा आहे. नव्यानं निवडून आलेल्या सदस्यानं आपल्या हातचं एक काम अकादमीत जमा करायचं आणि कार्यकारी मंडळानं ते पसंत करायचं. तोवर राजाच्या सहीचं सदस्यत्वपत्र त्याच्या हाती पडायचं नाही. टर्नरनं या नियमापोटी वेल्समधल्या डोलबॅडर्न किल्ल्याचं चित्र दिलं, कॉन्स्टेबलनं कालव्याच्या दरवाजातून जाणाऱ्या नावेचं. संस्थापकांना मात्र नियम लागू नव्हता. त्यामुळे त्यांच्यापैकी एक असलेल्या गेन्सबरोचं निसर्गचित्र अकादमीला मिळालं ते त्याच्या मृत्यूनंतर, १७९९ साली, मुलीनं भेट दिलं म्हणून.

मला या कलमाला दरबारापेक्षा कारखान्याचा वास येतो. आधी काम दाखवा, मग कागद घ्या, ही रीत युरोपातल्या कारागिरांच्या गिल्डची. सोनार असो, सुतार असो की कुलूपवाला, स्वतःचं दुकान थाटण्याआधी त्याला जुन्या उस्तादांपुढे एक कृती करून दाखवावी लागे. पॅरिसच्या चित्रकारांचंही असंच गिल्ड होतं. त्याच्या जाचातून सुटण्यासाठी १६४८ साली शार्ल ल ब्रँ आणि त्याच्या सोबत्यांनी राजाश्रयानं अकादमी काढली. आम्ही पाट्या रंगवणारे नाही, आमची विद्या वेगळी, असा त्यांचा दावा होता. आणि याच अकादमीनं आपल्या दारात काय ठेवलं? सदस्य व्हायचं असेल तर एक प्रवेशकृती द्या. ज्या घरातून रागानं बाहेर पडले, त्याच घरची चाल त्यांनी नव्या घरात चालवली! लंडनचं कलम मला याच चालीतलं वाटतं.

ही रीत कशी राबे, ते चित्रकार वातोच्या उदाहरणात दिसतं. १७१२ साली त्याला उमेदवार म्हणून घेतलं, पण चित्र काही येईना. अकादमीनं वारंवार तगादा लावला. अखेर १७१७ साली त्यानं सिथेरा बेटाच्या यात्रेचं चित्र आणून दिलं. आज ते लूव्रमध्ये आहे, कारण राज्यक्रांतीत, १७९३ साली, अकादमीच बंद झाली.

यावर दुसरा पक्ष असा की हे सगळं रोमहून आलं. तिथली सान लुका अकादमी पॅरिसच्या आधीची, १५९३ची, आणि तिच्याकडेही सदस्यांच्या कृती आहेत. मला हा पक्ष अर्धाच पटतो. रोमची खास ओळख म्हणजे सदस्यांची व्यक्तिचित्रं जमवणं. तिथे माणसाचा चेहरा जपला जातो. गिल्डच्या चालीत चेहऱ्याला किंमत नाही, हाताला आहे.

हा फरक किती पक्का होता, ते रेबर्नच्या प्रकरणात कळतं. हेन्री रेबर्न हा एडिनबराचा नावाजलेला व्यक्तिचित्रकार. १८१५ साली तो रॉयल अकादमीवर निवडून आला आणि त्यानं स्वतःचंच चित्र पुढे केलं. ते नाकारलं गेलं. सदस्यानं स्वतःचा चेहरा द्यायचा नाही, असा शिरस्ता होता. मग त्यानं दुसरं चित्र दिलं : एक लहान मुलगा आणि त्याला बिलगलेला पांढरा ससा. हा मुलगा रेबर्नच्या सावत्र नात्यातला, नातू लागणारा, जन्मापासून बहिरा. नकारातून अकादमीला तिच्या संग्रहातल्या सर्वांत हळव्या चित्रांपैकी एक मिळालं, असं मला वाटतं.

आता न्यूयॉर्ककडे वळू. तिथली नॅशनल अकादमी ऑफ डिझाइन १८२५ची. १८३९पासून तिथे दीर्घकाळ उलटाच नियम होता. सहयोगी सदस्य व्हायचं तर आपलं व्यक्तिचित्र द्या, पूर्ण सदस्य व्हायचं तर आपलं एक काम द्या. लंडननं नाकारलेला चेहरा इथे सक्तीचा! सोपं स्पष्टीकरण असं देता येईल की अमेरिकी चित्रकारांचं पोटच व्यक्तिचित्रांवर चाले, तेव्हा तीच परीक्षा ठेवली. पण ते टिकत नाही. हे व्यक्तिचित्र दुसऱ्या चित्रकाराकडून काढून घेतलेलं असलं तरी चालत होतं, आणि परीक्षा दुसऱ्याच्या हातानं देता येत नाही. म्हणजे इथे चेहराच हवा होता. हे रोमचं वळण.

ते न्यूयॉर्कला कोणी आणलं? माझं बोट सॅम्युएल मोर्सकडे जातं. होय, तारायंत्राचा मोर्स. तो मुळात चित्रकार, आणि या अकादमीचा पहिला अध्यक्ष. १८४५पर्यंत त्या पदावर होता. तरुणपणी तो रॉयल अकादमीत शिकला आणि १८३०च्या सुमारास इटलीत राहून आला. लंडनची हाताची चाल आणि रोमची चेहऱ्याची चाल, दोन्ही जवळून पाहिलेला माणूस नियम होताना अध्यक्षस्थानी होता. त्यानंच दोन्ही एकत्र बांधल्या, असं मी धरून चालतो. १९०२ साली चित्रकार टॉमस ईकिन्सनं याच नियमाखाली दिलेलं आत्मचित्र पाहा : काळोखी पार्श्वभूमी, थकलेले डोळे आणि बघणाऱ्यावरून न हलणारी नजर. कारागिराची परीक्षा आणि माणसाची नोंद एकाच चौकटीत आली आहे.

आता आपल्याकडे पाहू. आपली ललित कला अकादमी १९५४ची. तिचा संग्रह मुख्यतः राष्ट्रीय प्रदर्शनांतून आणि त्यांतल्या पुरस्कारप्राप्त कामांतून वाढला. ही कुळी गिल्डची नाही, प्रदर्शन आणि पदकांची आहे. तिचं मूळ मी बॉम्बे आर्ट सोसायटीसारख्या संस्थांमध्ये शोधेन. १८८८ साली स्थापन झालेल्या या सोसायटीनं वार्षिक प्रदर्शन भरवून सुवर्णपदक देण्याची चाल इथे रुजवली, आणि १९३७ साली अमृता शेरगिलला 'तीन मुली' या चित्रासाठी ते पदक मिळालं होतं. न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये निवडून आलेला प्रत्येक सदस्य संग्रहात आपलं काही ठेवून जातो. आपल्याकडे त्या वर्षीचे परीक्षक ज्याला कौल देतात, तो संग्रहात येतो.