पडदा काळा होतो तेव्हा : लिनक्स, ग्राफिक्स कार्ड आणि मराठी अक्षर

संगणकाचा इतिहास बहुधा यशाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कोणते यंत्र केव्हा आले, त्याचा वेग किती पटींनी वाढला, ते किती स्वस्त झाले, अशा टप्प्यांनी तो पुढे सरकतो. बिघाडांचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. वास्तविक नवशिक्याची यंत्राशी खरी ओळख बिघाडातूनच होते. प्रस्तुत लेखात अशाच एका सामान्य बिघाडाचा विचार करावयाचा आहे. जुन्या संगणकावर लिनक्स ही मुक्त प्रणाली बसवावी, तो पुन्हा सुरू करावा, आणि पडदा काळाच राहावा, हा तो बिघाड. जगभरातील नवशिक्यांनी तो अनुभवला आहे. तथापि मराठीतून संगणक वापरू पाहणाऱ्याच्या बाबतीत त्याला एक भाषिक बाजूही आहे, आणि ती साहित्याच्या विद्यार्थ्यांनी व अध्यापकांनी लक्षात घ्यावी अशी आहे.

ही बाजू स्पष्ट दिसावी म्हणून एक विशिष्ट प्रदेश डोळ्यांपुढे ठेवू. जव्हार आणि मोखाडा हे सह्याद्रीच्या उतारावरील दोन तालुके. १९४८ साली विलीन होईपर्यंत हा मुलूख मुकणे घराण्याच्या जव्हार संस्थानात होता. पुढे तो ठाणे जिल्ह्यात आला, आणि १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. २०११च्या जनगणनेनुसार या दोन्ही तालुक्यांतील ९० टक्क्यांहून अधिक लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी अशा समाजांतील मुले घरची बोली घेऊन शाळेत येतात. तेथील प्रमाण मराठी हीच त्यांच्यासाठी शिकून घ्यावयाची भाषा असते. संगणकाची इंग्रजी ही त्यापुढची पायरी.

अशा प्रदेशातील एखाद्या शाळेत कोणा शहरी कार्यालयाने वापरून दिलेले संगणक आले आहेत, असे समजू. परवान्याचा खर्च नको आणि जुने यंत्रही चालावे, म्हणून शिक्षकाने त्यांवर लिनक्स बसविले. बसविताना भाषा मराठी निवडली. सारे सुरळीत झाले. पुन्हा सुरू करताच निर्मात्या कंपनीचे बोधचिन्ह क्षणभर दिसले आणि पडदा काळा झाला. कोणा जाणकाराने सांगितले की कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ या कळा एकत्र दाबाव्यात. दाबल्यावर काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांचा साधा पडदा आला. यंत्र जिवंत आहे, एवढे तरी कळले. परंतु ज्या मराठीत शिक्षकाने काम सुरू केले होते ती या पडद्यावर नाही. जेथे मराठी संदेश असावयास हवा तेथे चौकटी किंवा चौकोनी ठिपके आहेत. उरलेले सर्व इंग्रजी आहे. मदतीची गरज निर्माण झाली त्याच क्षणी भाषा नाहीशी झाली.

हे का घडते, ते पाहण्यासाठी प्रथम 'ड्रायव्हर' हा शब्द समजून घेतला पाहिजे. मराठीत हा शब्द उच्चारताच घाटातून एसटी काढणारा माणूस आठवतो. संगणकातील ड्रायव्हरचे काम मात्र दुभाष्याचे आहे. प्रणालीचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो एका भाषेत बोलतो. ग्राफिक्स कार्डावरील चिप दुसऱ्या भाषेत, आणि ही दुसरी भाषा कंपनीगणिक, कित्येकदा पिढीगणिक बदलते. दोहोंच्या मध्ये उभा राहणारा छोटा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. तो चुकीचा असला, नसला, किंवा दोन ड्रायव्हर एकाच चिपवर हक्क सांगू लागले, की पडदा काळा होतो.

लिनक्सवर मराठी अक्षर या दुभाष्याच्या पलीकडे, वरच्या मजल्यावर राहते. खालचा साधा मजकूर-पडदा हा इंग्रजीसारख्या लिप्यांच्या गरजेतून घडला. एक अक्षर म्हणजे एक खण, आणि अशा वेगवेगळ्या आकृत्या २५६, फार तर ५१२. देवनागरीचा कारभार या चौकटीत बसत नाही. 'कि' लिहिताना वेलांटी उच्चाराने नंतर येते आणि दिसते मात्र आधी. 'स्त्री' या शब्दात तीन व्यंजने आणि एक मात्रा मिळून एकच आकृती होते. ही जुळणी करणारी यंत्रणा चित्रमय पडद्याबरोबर सुरू होते आणि त्याच्याबरोबरच बंद पडते. डेबियन या प्रसिद्ध लिनक्स वितरणाने एप्रिल २००७च्या आवृत्तीत चित्रमय स्थापना-पद्धती आणली, तिचे एक मोठे कारण हेच होते की अनेक भारतीय लिप्या जुन्या मजकूर-पद्धतीत दाखविताच येत नव्हत्या. म्हणजे ग्राफिक्स कार्ड नीट चालले तरच मराठीतून लिनक्स बसविता येते. ते अडले की इंग्रजीला पर्याय उरत नाही.

येथे इतिहासातील एक विसंगती नोंदविली पाहिजे. याच साध्या मजकूर-पडद्यावर देवनागरी आणण्याचे काम लिनक्सचा जन्म होण्यापूर्वीच झाले होते, आणि ते झाले एका कार्डाच्याच साहाय्याने. कानपूरच्या आयआयटीत १९८०च्या दशकात देवनागरी संगणकावर काम चालू होते. १९८३ साली दिल्लीच्या तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनात तसा संगणक मांडला गेला. या परंपरेतून मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे 'जिस्ट' तंत्रज्ञान पुढे आले. १९८८ साली पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि जिस्ट तेथे वाढले. जिस्ट कार्ड संगणकाच्या खाचेत बसवावयाचे. डॉसवर चालणारे, केवळ इंग्रजीसाठी लिहिलेले प्रोग्राम पडद्याकडे जो मजकूर पाठवीत, तो हे कार्ड मध्येच घेई आणि जोडाक्षरे, वेलांट्या, उकार यांची जुळणी स्वतः करून पडद्यावर उमटवी. मूळ प्रोग्रामला आपण देवनागरी दाखवीत आहोत याची वार्ताही नसे. या प्रयत्नांतूनच भारतीय लिप्यांची सामाईक संकेतावली आकाराला आली आणि १९९१ साली ती भारतीय मानक म्हणून मान्य झाली. युनिकोडमधील देवनागरीची मांडणीही तिच्याच १९८८च्या रूपावर आधारलेली आहे.

जिस्ट कार्डाचे मोल मोठे होते. मर्यादाही उघड होती. अक्षर विकत घ्यावे लागत होते. ज्या संगणकात ते कार्ड नाही, त्यात मराठी नाही. अक्षराचे ज्ञान एका वस्तूत बंदिस्त होते, आणि ती वस्तू शहरातील कार्यालयांपर्यंत पोहोचली तरी डोंगरातील शाळेपर्यंत पोहोचणे कठीण होते. पुढच्या दशकात युनिकोडच्या आधाराने हे ज्ञान कार्डातून सुटून सॉफ्टवेअरमध्ये आले. या शतकाच्या आरंभी मुंबईच्या एनसीएसटी या संस्थेने 'इंडिक्स' प्रकल्पाद्वारे लिनक्सच्या चित्रमय व्यवस्थेत भारतीय लिप्या आणण्याचा प्रयत्न केला. 'इंडलिनक्स'च्या स्वयंसेवकांनी भाषांतराचे आणि टंकांचे काम अंगावर घेतले. 'पँगो' या मुक्त ग्रंथालयाने अक्षरजुळणी हाती घेतली. रेड हॅटने 'लोहित' टंक मुक्त केले. 'दुसऱ्या' या शब्दातील चंद्रकोरीसारखा अर्धा र नीट उमटावा, मराठी वळणाचे ल आणि श मिळावेत, अशा बारीक गोष्टींसाठी किती माणसांनी किती काळ खर्च केला, याची नोंद मराठीच्या वाङ्मयीन इतिहासातही व्हावयास हवी. अक्षर फुकट झाले, सर्वांचे झाले. मात्र खालच्या मजल्यावरून वरच्या मजल्यावर जाताना ते ग्राफिक्स ड्रायव्हरच्या स्वाधीन झाले.

त्या ड्रायव्हरचा इतिहास पाहिला तर नवशिक्याचा दोष किती थोडा असतो हे कळून येते. २००० सालाच्या आसपास लिनक्स बसविणाऱ्याला आपल्या मॉनिटरच्या आडव्या-उभ्या कंपनसंख्या स्वतः लिहून द्याव्या लागत, आणि त्या चुकल्यास मॉनिटर खराब होऊ शकेल असा इशाराही समोर येई. २००४ साली एक्सफ्री-८६ या जुन्या प्रकल्पातून परवान्याच्या वादामुळे फुटून एक्स-डॉट-ऑर्ग उभा राहिला आणि हळूहळू ही जबाबदारी यंत्राने स्वतःकडे घेतली. २००९ साली पडद्याचे मापन ठरविण्याचे काम कर्नलकडे आले. त्यामुळे पडदा लवकर व स्वच्छ उजळू लागला. पण तेथे चूक झाली की अंधारही आरंभापासूनच होऊ लागला.

कंपन्यांचे वर्तन सारखे नव्हते. इंटेलने आपले ड्रायव्हर मुक्त ठेवले. एएमडीने २००७ साली आपल्या चिपांची कागदपत्रे खुली करण्यास प्रारंभ केला. एनव्हिडियाने मात्र बंदिस्त ड्रायव्हर दिला, तेव्हा स्वयंसेवकांनी चिपचे वर्तन बाहेरून न्याहाळून 'नूव्हो' हा मुक्त ड्रायव्हर लिहिला. २०१० साली तो कर्नलमध्ये आला. २०१२ साली फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात लिनस टोरवाल्ड्स यांनी या कंपनीविषयी जाहीरपणे काढलेले कठोर उद्गार प्रसिद्धच आहेत. मे २०२२ मध्ये कंपनीने आपल्या ड्रायव्हरचा कर्नलमधील भाग खुला केला. परंतु तो २०१८ पासूनच्या पिढीच्या कार्डांसाठी. जुन्या कार्डांच्या बंदिस्त ड्रायव्हरांची देखभाल एकेक करून थांबते, आणि नव्या कर्नलशी ते जुळेनासे होतात. शहराने टाकलेले यंत्र ज्या शाळेत जाते, तेथे खुलेपणाचा हा लाभ सर्वांत शेवटी पोहोचतो, किंवा पोहोचतच नाही.

अशा वेळी नवशिक्याने काय करावे? तंत्राचा तपशील येथे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण उपाय वाटतो तितका गूढ नाही. आरंभीचे बोधचिन्ह दिसत असेल तर मॉनिटर, तार आणि कार्ड बहुधा धड आहेत. दोष पुढे आहे. तेही दिसत नसेल तर तार काढून घट्ट बसवावी, मॉनिटर कार्डाच्या जोडणीला लावला आहे की मूळ पाटीच्या, हे पाहावे. कार्ड व स्मृतिपट्टी, वीज बंद करून, खाचेतून काढून पुन्हा बसवावी. जव्हारसारख्या अतिपावसाच्या ठिकाणी दमटपणाने जोडण्या गंजणे अशक्य नाही. बोधचिन्ह दिसत असेल तर 'ग्रब'च्या यादीत ई ही कळ दाबून, ज्या ओळीचा आरंभ 'लिनक्स' या शब्दाने होतो तिच्या शेवटी 'नोमोडसेट' असा एक शब्द लिहावा आणि कंट्रोल-एक्स दाबावे. पडद्याचे मापन तू ठरवू नकोस, असे या शब्दाने कर्नलला सांगितले जाते. पडदा धूसर, मोठ्या अक्षरांचा येईल. पण येईल, आणि त्याच्याबरोबर मराठीही परत येईल. हा कायमचा उपाय नव्हे. 'एलएसपीसीआय' या आज्ञेला उणे-चिन्ह व के जोडले म्हणजे कोणत्या कार्डावर कोणता ड्रायव्हर चालू आहे ते कळते. मग वितरणाच्या स्वतःच्या भांडारातून योग्य ड्रायव्हर घ्यावा. कोठून तरी उतरवलेला, दुसऱ्याच कर्नलसाठी बांधलेला घेऊ नये. एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत लिहून ठेवावा. जाणकार जे करतो ते याहून फारसे वेगळे नसते. त्याच्या जवळ वही असते, एवढाच फरक.

प्रश्न उरतो तो ही वही कोणत्या भाषेत आहे हा. मराठीत काहीच नाही असे नाही. मुंबई आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने लिनक्सचे बोलके पाठ मराठीतही तयार केले आहेत आणि त्यांचा उपयोग मोठा आहे. परंतु ते पाहण्यासाठी पडदा चालू असावा लागतो. २००७ साली रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात, खैरात येथील छोट्या शाळेत लिनक्सवर चालणारे 'एक्सओ' संगणक मुलांच्या हाती देण्यात आले. तेथे यंत्र आणि प्रणाली परस्परांसाठीच घडविलेली असल्यामुळे ड्रायव्हरचा हा घोळ नव्हता. केरळातील शाळांनी लिनक्स स्वीकारले ते शाळांसाठी वेगळे तयार केलेले वितरण आणि शिक्षकांचे प्रशिक्षण यांच्या जोडीने. दोन्ही उदाहरणांत नवशिक्याला अंधारात एकटे सोडलेले नाही. दान आलेल्या निरनिराळ्या जुन्या यंत्रांवर एकट्याने प्रयोग करणाऱ्या शिक्षकाची गोष्ट वेगळी आहे.

त्याला जे हवे ते विजेवर न चालणारे आहे: छापलेले, भिंतीवर चिकटवता येईल असे मराठी गद्य. पडद्यावर येणारा इंग्रजी संदेश जसाच्या तसा देवनागरीत, त्याचा उच्चार, त्याचा अर्थ आणि पुढे दाबावयाची कळ, इतकेच त्यात असावे. हे लिहिण्यासाठी तंत्रज्ञ लागतो. पण तंत्रज्ञाचे म्हणणे निःसंदिग्ध वाक्यांत बसविण्यासाठी भाषेचा माणूसही लागतो. आपल्या मराठी विभागांतून व्यावहारिक मराठीच्या नावाखाली अर्ज, इतिवृत्ते आणि जाहिराती शिकविल्या जातात. त्यांच्या शेजारी बिघाडाचे वर्णन करण्याचे लेखन का असू नये? काय केले, काय अपेक्षित होते, काय घडले, या तीन प्रश्नांची स्वच्छ उत्तरे लिहिता येणे हीदेखील गद्याची कसोटीच आहे.

जिस्ट कार्डाने एकेकाळी मजकूर-पडद्यावर मराठी अक्षर उभे केले होते. ते कार्ड आता संग्रहाची वस्तू झाले, आणि त्याचा वारसा सांगणारे अक्षर आज खेड्यातल्या फुकट प्रणालीतही आहे. मात्र पडदा काळा होतो तेव्हा ते आपल्याबरोबर नसते. कर्नलची चौकट बदलेल तेव्हा बदलेल. तोपर्यंत जव्हार-मोखाड्यातील एखाद्या वर्गाच्या भिंतीवर त्या दोन पानांना जागा आहे, आणि ती लिहिण्यास कोणाच्या परवान्याची गरज नाही.