सुरतेच्या खटल्यापासून

सनावळ्या घोकून घेणे हा इतिहासशिक्षकाचा जुनाच आजार. फळ्यावर '१९७१' लिहिले की दहावीचा वर्ग एकसुरात 'बांगलादेश युद्ध' म्हणतो आणि गुरुजी समाधानाने पुढच्या सनाकडे वळतात. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये आपल्या संसदेने आणखी एक कायदा केला होता, हे नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मला ठाऊकही नव्हते. ते कळले आमच्या शाळेतल्या शिपाई मावशींमुळे.

१९९८ चा पावसाळा. मावशींना चार मुले होती, पाचव्यांदा दिवस गेलेले आणि नवऱ्याच्या हाताला काम नाही. इस्पितळात गेले तर पोलीस धरतात, असे त्यांना कोणीतरी सांगितलेले. म्हणून त्या दमणगंगेपलीकडच्या कोणा 'जाणत्या'कडे गेल्या. पुढे महिनाभर खाटेवर होत्या. दैव बलवत्तर म्हणून वाचल्या. कामावर परतल्यावर एवढेच म्हणाल्या, "सर, हा गुन्हा नाही, हे आम्हाला कुणी सांगायचं?" तेव्हा गर्भपाताचा कायदा अमलात येऊन सव्वीस वर्षे झाली होती. सांगणाऱ्यांच्या यादीत माझे नाव पहिले असायला हवे होते, ही बोच अद्याप गेलेली नाही. त्यातूनच या विषयाच्या मागे लागलो आणि पाहतो तो काय, ही कथा आपल्या उंबरठ्यापाशीच सुरू होते!

वापीहून गाडीत बसले की सुरत ती किती लांब? त्या सुरतेत १८८१ साली विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर खटला चालला. विवाहाबाहेर झालेले मूल जन्मताच मारल्याचा आरोप. तिला फाशीची शिक्षा सुनावण्यात आली. अपिलात ती काळ्या पाण्यावर आली. त्या मुलाचा बाप कोण, हा प्रश्न मात्र कोणत्याही कोर्टाने शिक्षेपर्यंत नेला नाही. वर्तमानपत्रांनी साऱ्या स्त्रीजातीलाच दूषणे दिली. ती वाचून दूर वऱ्हाडात, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे संतापल्या आणि १८८२ साली त्यांचे 'स्त्रीपुरुषतुलना' पुण्यात छापले गेले. गुजराती विधवेच्या कैवारासाठी मराठी बाई लेखणी उचलते, ही गोष्ट आपणा दोन भाषांच्या सीमेवर नांदणाऱ्यांनी तरी विसरू नये.

याची दुसरी बाजूही तितकीच हृद्य आहे. विधवांची गुपचूप बाळंतपणे सुखरूप व्हावीत म्हणून जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि अशाच एका विधवेच्या मुलाला, यशवंताला, पुढे दत्तक घेतले. त्यानंतर १८७५ साली पंढरपुरात असेच गृह निघाले. ते काढण्यात पुढाकार कोणाचा? तिथे न्यायाधीश म्हणून आलेल्या लालशंकर उमियाशंकर या गुजराती गृहस्थांचा! विठोबाच्या दारी सोडलेल्या अर्भकांना एका गुजराती माणसाने छप्पर दिले.

तथापि हे सारे उपाय मूल जन्मल्यानंतरचे. मूल हवे की नको, कधी आणि किती, हे आधीच ठरवता आले तर? हा प्रश्न मराठीत उघडपणे विचारला तो रघुनाथ धोंडो कर्वे यांनी. महर्षी कर्व्यांचे हे ज्येष्ठ चिरंजीव मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवीत. १९२१ साली लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी संततिनियमनाचे केंद्र उघडले. त्याच वर्षी कर्व्यांनी मुंबईत आपले केंद्र सुरू केले. म्हणजे या बाबतीत मुंबई लंडनच्या एक पाऊलही मागे नव्हती. मिशनरी संस्थेला हे काम रुचले नाही आणि १९२५ मध्ये प्राध्यापकी गेली. १९२७ च्या जुलैपासून त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले, ते १९५३ साली मृत्यू येईपर्यंत. अश्लीलतेचे खटले झाले, दंड झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने उभे राहिलेले वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. बाबासाहेबांनाही हा केवळ अशिलाचा प्रश्न वाटत नव्हता. १० नोव्हेंबर १९३८ रोजी त्यांच्या पक्षातर्फे मुंबईच्या विधानसभेत संततिनियमनाच्या प्रसाराचा ठराव मांडला गेला. सभागृहाने तो फेटाळला.

काळाचा न्याय पाहा. कर्वे हयात असतानाच, १९५२ च्या नोव्हेंबरात, मुंबईत कुटुंबनियोजनाची जागतिक परिषद भरली. धन्वंती रामा राव यजमानीण, अमेरिकेच्या मार्गारेट सँगर पाहुण्या. आणि तिथूनच आज जगभर काम करणारा आंतरराष्ट्रीय महासंघ जन्माला आला. ज्या शहराने कर्व्यांना दंड केला, त्याच शहराने जगाला ही संस्था दिली.

उरला गर्भपात. इंग्रजांच्या १८६० च्या दंडसंहितेनुसार स्त्रीचा जीव वाचवण्याखेरीज केलेला गर्भपात हा गुन्हा, आणि त्यात ती स्त्रीही गुन्हेगार. परिणामी बायका आडवाटेने जात आणि मरत. १९६४ मध्ये केंद्राने महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९६६ च्या अखेरीस अहवाल आला, १९७१ मध्ये कायदा झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून तो लागू झाला. दादरा नगर हवेली १९६१ मध्येच भारतात विलीन झालेली असल्याने तो आपल्यालाही लागू झाला. अमेरिकेत सुप्रीम कोर्टाने हा हक्क मान्य केला तो १९७३ मध्ये, आणि २०२२ मध्ये काढूनही घेतला. आपला कायदा उलट रुंदावला. २०२१ च्या दुरुस्तीने वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरेसे झाले, ठरावीक परिस्थितीतल्या स्त्रियांसाठी मुदत चोवीस आठवड्यांवर गेली. संततिनियमनाचे साधन फसले तर ही मुभा पूर्वी केवळ विवाहितेला होती, ती कोणत्याही स्त्रीला मिळाली. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चोवीस आठवड्यांच्या सवलतीतही विवाहित-अविवाहित भेद मोडीत काढला.

कायदा नसला की काय होते, हे बेळगावकरांना विचारावे. त्यांची लेक सविता हलप्पनवार आयर्लंडमध्ये दंतवैद्य होती. २०१२ मध्ये तिचा गर्भ टिकणार नाही हे स्पष्ट झाले होते, तरी त्याचे ठोके सुरू आहेत म्हणून तिने मागूनही गर्भपात करण्यात आला नाही. जंतुसंसर्गाने ती गेली. सीमाभागातल्या या मुलीचे छायाचित्र हाती धरून आयर्लंडच्या बायका रस्त्यावर आल्या आणि २०१८ च्या सार्वमतात ६६ टक्क्यांहून अधिक मतांनी त्या देशाने आपली घटना बदलली.

पण नाण्याला दुसरी बाजू आहे आणि ती लपवणे हा इतिहासाशी द्रोह होईल. आणीबाणीत नसबंदीची सक्ती झाली. १९७६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर सक्तीचे विधेयकच मंजूर केले होते, राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते बारगळले. मुलगी नको म्हणून गर्भ पाडण्याचे पापही इथेच फोफावले. त्याविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्रानेच १९८८ मध्ये केला. विजयालक्ष्मीला कोणी विचारले नाही, नसबंदीच्या टेबलावर निजवलेल्यांना कोणी विचारले नाही, आणि सासूच्या धाकाने तपासणीला नेलेल्या सुनेलाही कोणी विचारत नाही. तिन्हींचे दुखणे एकच. १९९४ मध्ये कैरोच्या जागतिक परिषदेने लोकसंख्येच्या आकड्यांऐवजी स्त्रीच्या निर्णयाला केंद्रस्थान दिले, ते याच अनुभवातून.

आपल्या कायद्यात अठरा वर्षांवरील स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी आहे. नवऱ्याची सही लागत नाही. तरीही ती मागितल्याच्या तक्रारी अजून कानी येतात. कायदा दिल्लीत होतो, पण तो पोचतो तो तोंडातोंडी. मराठीत, गुजरातीत, वारलीत, कोकणीत. ते काम कोणाचे?

मावशी निवृत्त होऊन गेल्या. मी अजूनही दहावीला इतिहास शिकवतो. फळ्यावर १९७१ लिहिले की मुले 'बांगलादेश' म्हणतात. मग मी विचारतो, "आणि दुसरे काय?" पहिल्या वर्षी वर्ग खाली मान घालून हसला होता. आता मागच्या बाकावरून एखादी मुलगी हळूच, पण स्पष्ट उत्तर देते.