औंधाचा आश्रय आणि संशोधनग्रंथांचे प्रकाशन

आजच्या पलूस तालुक्यातील किर्लोस्करवाडी १९१० साली औंध संस्थानाच्या भूमीवर वसली. तेथून १९२० पासून निघू लागलेली ‘किर्लोस्कर खबर’ मूळची कारखान्याची वार्तापत्रिका. शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली ती वाचकांच्या बळावर वाढली. संशोधनग्रंथाला हे बळ लाभत नाही. त्याच संस्थानाचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९१८ साली महाभारताच्या आवृत्तीसाठी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरास एक लक्ष रुपयांचे अभिवचन दिले, ते याचमुळे महत्त्वाचे. शेकडो हस्तलिखिते मिळवावयाची, श्लोकाश्लोकाचे पाठ ताडावयाचे व पाठभेद तळटीपांत छापावयाचे. असल्या कामाची वाट कोणता वर्गणीदार पाहील? १९१९ मध्ये आरंभिलेल्या या कार्याचा पहिला खंडांश वि. सी. सुकथनकरांच्या संपादकत्वाखाली १९२७ साली निघाला. एकटे आदिपर्व पुरे होण्यास १९३३ उजाडले. १९४३ साली सुकथनकर निवर्तले, १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले, १९५१ मध्ये पंतप्रतिनिधीही गेले. आवृत्ती पूर्ण झाली १९६६ साली. राजाश्रयाने कार्य उभे राहिले खरे. पण राजा व राज्य दोन्ही मावळल्यावर ते तडीस नेले संस्थेने, सरकारी अनुदानांच्या आधारावर.